कळेल असं लिहायचं कसं? सोप्या भाषेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यातली सूचना, करारनामा, यंत्राची माहितीपुस्तिका, परदेशी सहकाऱ्याला पाठवायची ईमेल: असे मजकूर वाचकाला कळतील असे करणं हे माझं रोजचं काम आहे. त्या निमित्ताने डॉक्टर, अभियंते, वकील, हिशेबनीस आणि वेगवेगळ्या देशांतल्या सहकाऱ्यांबरोबर काम करणारे लोक प्रश्न पाठवतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सोपी भाषा म्हणजे नेमकं काय? छोटे शब्द आणि छोटी वाक्यं, एवढंच ना?

तेवढंच नाही. ‘प्रक्रिया विहित आहे’ हे तीन शब्दांचं वाक्य आहे, आणि ते वाचून कुणालाही काहीही करता येत नाही.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२३ मध्ये सोप्या भाषेचं मानक प्रसिद्ध केलं, क्रमांक २४४९५-१. त्यातली व्याख्या लेखकापासून सुरू न होता वाचकापासून सुरू होते. ज्यांच्यासाठी लिहिलं आहे त्यांना हवी ती माहिती सहज सापडली पाहिजे, सापडलेली समजली पाहिजे आणि समजलेली वापरता आली पाहिजे. शब्द, मांडणी आणि पानाची रचना या तिन्ही गोष्टी त्यात धरल्या आहेत. औषधाची सूचना कितीही सोप्या शब्दांत असली, पण चौथ्या पानावर बारीक अक्षरांत दडलेली असली, तर तो मजकूर सोपा नाही. उलट, नीट बांधलेलं पंचवीस शब्दांचं वाक्य सोपं असू शकतं.

२. सोपं लिहिलं की मजकूर पोरकट वाटतो. शिकलेल्या वाचकाचा तो अपमान नाही का?

पोरकट आणि सोपं यांत एक स्पष्ट फरक आहे. पोरकट मजकूर माहिती गाळतो, सोपा मजकूर गाळत नाही.

‘तुमच्या हृदयाला जरा बरं नाहीये’ हे पोरकट. ‘हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन मुख्य रक्तवाहिन्यांपैकी एकीत अडथळा आहे. म्हणून चढ चढताना तुमच्या छातीत दुखतं’ हे सोपं. दुसऱ्या वाक्यात पहिल्यापेक्षा माहिती कितीतरी जास्त आहे, आणि ऐकणाऱ्याला मोठा माणूस मानून ती दिलेली आहे.

शिकलेल्या वाचकाबद्दलची भीती तपासूनही पाहिली गेली आहे. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकच इंग्रजी मजकूर साध्या आणि मुद्दाम जड केलेल्या शब्दांत वाचायला दिला. वाचकांनी जड मजकूर लिहिणाऱ्यालाच कमी बुद्धिमान ठरवलं. मला यात नवल वाटत नाही. दिवसाला पन्नास ईमेल वाचणाऱ्या तज्ज्ञाला सोप्या मजकुराची गरज सगळ्यांत जास्त असते.

३. ‘सोपी भाषा’ आणि ‘सुलभ वाचन’ एकच का?

नाही. सुलभ वाचन ही बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा वाचनात मोठी अडचण असलेल्या लोकांसाठीची वेगळी पद्धत आहे. तिथे वाक्यं फार आखूड असतात, शेजारी अनेकदा चित्रं असतात आणि माहितीही निवडून कमी केलेली असते. सोपी भाषा सर्वसाधारण वाचकांसाठी असते. दोन्हींची गरज आहे, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

४. मग आमच्या व्यवसायाची परिभाषा टाकून द्यायची का?

अजिबात नाही. एका शस्त्रक्रियातज्ज्ञाने दुसऱ्याशी बोलताना अवयवाचं शास्त्रीय नावच घ्यावं. तिथे ‘पोटाच्या उजवीकडचं ते’ असं म्हणणं धोक्याचं आहे.

परिभाषा नीट ठरवलेली नसली तर काय होतं याचं सर्वांत भीषण उदाहरण विमानवाहतुकीतलं आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्याआधी काही क्षण एका विमानातून ‘वी आर नाउ ॲट टेकऑफ’ अशा अर्थाचं वाक्य रेडिओवर गेलं होतं. त्याचा अर्थ ‘उड्डाणासाठी तयार उभे आहोत’ असाही होतो आणि ‘उड्डाण सुरू केलं आहे’ असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला, प्रत्यक्षात दुसरा घडत होता. त्याच क्षणी दोन संदेश एकमेकांवर आल्याने ऐकण्यातही व्यत्यय आला. अपघाताला इतरही कारणं होती. पण त्यानंतर नियम बदलला: ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’.

म्हणजे परिभाषा वाईट नसते, ती चुकीच्या दारी जाणं वाईट असतं. आपल्या वर्तुळात ती अचूक ठेवा. वर्तुळाबाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा आली की लगेच, त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात, अर्थ सांगा. अर्थासाठी वाचकाला शेवटच्या पानावरच्या शब्दसूचीकडे पिटाळू नका. बहुतेक जण तिथपर्यंत जात नाहीत.

५. मला माझं लिखाण अगदी सोपं वाटतं. तरी लोक म्हणतात कळत नाही. असं का?

कारण तुम्हाला ते आधीच माहीत आहे.

एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्यांनी गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्यापर्यंत फक्त टकटक पोचते.

वीस वर्षं एकाच क्षेत्रात काम केलेल्या माणसाचं हेच होतं. यावर ‘वाचकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा’ हा सल्ला देतात, तो मला अपुरा वाटतो. माहीत असलेली गोष्ट ठरवून विसरता येत नाही. खऱ्या वाचकाला दाखवणं हाच उपाय. तो कसा करायचा ते प्रश्न १७ मध्ये आहे.

६. शब्द ओळखीचा असूनही गैरसमज कसा होतो?

ओळखीचा शब्दच जास्त फसवतो. अनोळखी शब्दावर वाचक थांबतो आणि विचारतो. ओळखीच्या शब्दावर तो थांबतच नाही.

‘रिपोर्ट निगेटिव्ह आला’ ही दवाखान्यात बहुतेक वेळा चांगली बातमी असते, पण बाहेर निगेटिव्ह म्हणजे वाईट. ‘क्रॉनिक’ म्हणजे दीर्घकाळ चालणारा आजार. ऐकणारा अनेकदा ‘गंभीर’ असं समजतो. संख्याशास्त्रात ‘लक्षणीय फरक’ म्हणजे केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी असलेला फरक. तो आकाराने अगदी किरकोळही असू शकतो. विज्ञानात ‘सिद्धांत’ पुराव्यांवर उभा असतो, गप्पांत ‘माझी एक थिअरी आहे’ म्हणजे नुसता अंदाज. हिशेबातला गोंधळ तर शिकणाऱ्यांना हमखास छळतो: बँकेच्या पत्रकात जी रक्कम ‘जमा’ दिसते, तीच तुमच्या स्वतःच्या वह्यांत बँक खात्याच्या ‘नावे’ लिहिली जाते. दोन्ही बरोबर, कारण एक नोंद बँकेच्या बाजूने आहे आणि दुसरी तुमच्या.

म्हणून दोन व्यवसायांतली माणसं एकत्र काम सुरू करतात तेव्हा अवघड शब्दांच्या यादीआधी मी ‘सोप्या वाटणाऱ्या’ शब्दांची यादी मागते. खरे खड्डे तिथे असतात.

७. सोपी मराठी म्हणजे शुद्ध मराठी का? इंग्रजी शब्द काढून टाकावेत का?

हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे आणि मला भाषेबद्दलची ती काळजी समजते. पण सोपेपणाची कसोटी शब्दाचं कूळ पाहत नाही. वाचकाला तो थांबून विचार न करता कळतो का, एवढंच पाहते.

‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ हे घडवलेले शब्द आज कुणालाही अडत नाहीत. ते रुळले. ‘फोन’, ‘पासवर्ड’ आणि ‘स्क्रीन’ही रुळले. माहितीपत्रकात ‘परवलीचा शब्द’ लिहिलात तर वाचक मनात त्याचं पुन्हा ‘पासवर्ड’ करून घेईल. तो वळसा त्याला कशाला? उलटही तितकंच खरं. ‘पेशंटचा कन्सेंट ऑब्टेन करा’ हे फक्त लिपीने मराठी आहे. ‘रुग्णाची संमती घ्या’ हे सगळ्यांना कळतं.

नवा मराठी शब्द रुजवायचा असेल तर तो रुळलेल्या शब्दाच्या सोबतीने वापरा. मात्र जिथे चुकीचा अर्थ घेतल्याने इजा होऊ शकते (औषध, वीज, आग) तिथे शब्द रुजवण्याचा प्रयोग करू नये.

८. वाक्य किती शब्दांचं असावं?

विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी नियंत्रित इंग्रजीचं, म्हणजे ठरावीक शब्द आणि नियम पाळणाऱ्या इंग्रजीचं, एक मानक आहे. त्यात सूचनेच्या वाक्याला जास्तीत जास्त २० शब्द आणि वर्णनाच्या वाक्याला २५ शब्द अशी मर्यादा आहे. जगभरचे तंत्रज्ञ, ज्यांतल्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्या पुस्तिका वाचून काम करतात.

मराठीसाठी मी हा आकडा तसाच उचलणार नाही, कारण आपली अडचण वेगळी आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही नंतर. वाक्य लांबलं की काय करायचं, आणि करायचं की नाही करायचं, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. तोवर वाचक सगळं ओझं डोक्यावर घेऊन चालत असतो. हे वाक्य बघा:

‘अर्जदाराने विहित नमुन्यातील अर्जासोबत ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची साक्षांकित प्रत अंतिम दिनांकापूर्वी सादर न केल्यास व त्याबाबत सबळ कारण न दिल्यास सदर अर्ज विचारात घेतला जाणार नाही.’

सोपं केल्यावर:

‘अर्जासोबत दोन प्रती जोडा: ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची. दोन्ही साक्षांकित हव्यात, म्हणजे प्रत खरी असल्याची अधिकाऱ्याची सही आणि शिक्का त्यावर हवा. शेवटच्या तारखेआधी त्या मिळाल्या नाहीत, तर अर्ज विचारात घेणार नाही. उशीर होण्याला योग्य कारण असेल, तर ते …’

इथे मी अडकते. कारण कधीपर्यंत कळवायचं? शेवटच्या तारखेआधी की नंतरही चालेल? ‘सबळ’ आहे की नाही हे कोण ठरवणार? मूळ वाक्यात याचं उत्तर नाही, आणि मी ते मनाने लिहू शकत नाही. मजकूर ज्यांचा आहे त्यांना विचारावं लागतं, आणि तेव्हा पुष्कळदा लक्षात येतं की त्यांनीही ते कधी ठरवलेलं नव्हतं. लांब वाक्याखाली न घेतलेले निर्णय झाकले जातात. ते तोडलं की उघडे पडतात. या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग मला हाच वाटतो.

९. ‘कार्यवाही करण्यात येईल’ यात चूक काय आहे?

व्याकरणाची काहीच नाही. पण कोण करणार ते वाक्यात नाही. तक्रार करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं: कुणाकडे चौकशी करायची आणि कधी. ‘देखभाल विभाग सात दिवसांत पाहणी करेल’ असं लिहिलं की जबाबदारी दिसते.

करणारा खरोखर माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, तर ही रचना चालते. ‘रस्ता बंद करण्यात आला आहे’ हे ठीक आहे; वाहनचालकाला वळणमार्ग हवा आहे, रस्ता कुणी बंद केला ते नको.

१०. करारात किंवा कायदेशीर मजकुरात भाषा सोपी केली तर पळवाटा निघणार नाहीत का?

वकील हा प्रश्न विचारतात तेव्हा तो गांभीर्यानेच घ्यायला हवा, कारण चुकीचं सोपेपण खरोखर पळवाट काढून देतं. ‘भाडेकरू’, ‘राहणारा’ आणि ‘वापरकर्ता’ हे शब्द करारात आलटून पालटून आले, तर ते तीन वेगळे लोक आहेत असा युक्तिवाद उद्या होऊ शकतो. शाळेच्या निबंधात एकच शब्द पुन्हा वापरू नये असं शिकवतात. करारात नेमकं उलटं: एका गोष्टीला एकच नाव, शेवटपर्यंत.

पण किचकटपणा म्हणजे अचूकपणा नव्हे. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या शंभराहून जास्त वकिलांना एकाच आशयाचे कायदेशीर आणि साधे मजकूर दिले. वकिलांनाही कायदेशीर शैलीतला मजकूर समजायला आणि लक्षात ठेवायला जड गेला, आणि साधा मजकूर कायद्याने तितकाच बंधनकारक आहे असं त्यांनी मानलं. त्याच गटाच्या आधीच्या कामातून सर्वांत मोठा अडथळा पुढे आला होता, तो वाक्याच्या पोटात वाक्य घालण्याचा. मराठीत तो ‘ज्याने, ज्याच्या बाबतीत, ज्या कलमान्वये’ अशा साखळीतून येतो.

व्यवहारातलं उदाहरण जुनं आहे. सिटीबँकेने १९७० च्या दशकाच्या मध्यात कर्जाचं वचनपत्र साध्या इंग्रजीत नव्याने लिहिलं. ते ग्राहकांशी ‘तुम्ही’ आणि ‘मी’ असं बोलणारं होतं. त्याच दशकात न्यूयॉर्क राज्याने ग्राहकांशी होणारे करार साध्या भाषेत असावेत असा कायदा केला.

अपवाद एक: कायद्याने ठरवून दिलेलं वाक्य जसंच्या तसं घालणं बंधनकारक असेल, तर त्याला हात लावू नका. त्याच्याखाली साध्या भाषेत अर्थ लिहा, आणि मूळ वाक्यच बंधनकारक आहे हेही लिहा.

११. टक्केवारी दिली की सगळं स्पष्ट होतं ना? आकडा तर आकडाच असतो.

आकडाही अर्धवट सांगता येतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे शंभर टक्क्यांनी वाढतो. हे खोटं नव्हतं. पण ज्या संख्या मागे होत्या त्या अशा: ७,००० महिलांमागे १ ऐवजी २. ते सांगितलं गेलं नाही. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या हजारोंनी वाढली. त्या महिलांनी काहीही चुकीचं ऐकलं नव्हतं, हे मला या घटनेतलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

म्हणून ‘किती पट’ सांगाल तेव्हा ‘किती जणांमागे किती’ हेही सांगा. तुलना करताना खालचा आकडा सारखा ठेवा: ‘१,००० पैकी ३’ आणि ‘१,००० पैकी ८’. ‘३३३ मध्ये १’ आणि ‘१२५ मध्ये १’ असं दिलं तर मोठा धोका कोणता यात लोक चुकतात.

आकड्याऐवजी शब्द वापरणंही सुरक्षित नाही. युरोपीय संघातल्या औषधांच्या पत्रकांत ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना होणारा. वाचक त्याचा अर्थ यापेक्षा बराच जास्त घेतो. शब्द वापरलाच, तर आकडा शेजारी हवा.

१२. वेगळ्या संस्कृतीतल्या सहकाऱ्यांना लिहिताना काय जपावं?

सर्वांत आधी वाक्प्रचार. ‘आमच्या तोंडाला पानं पुसली’ याचं भाषांतर करून पाहा, म्हणजे कळेल. एकाच भाषेतही हे घडतं: ‘टेबल’ हे क्रियापद ब्रिटनमध्ये प्रस्ताव चर्चेला मांडण्यासाठी वापरतात, अमेरिकेत तो बाजूला ठेवण्यासाठी. एकाच बैठकीत दोघं एकमताने ‘टेबल करूया’ म्हणतील आणि अगदी विरुद्ध अपेक्षा घेऊन उठतील.

मग काळाचे शब्द. आपल्याकडे ‘परवा’ पुढचा आणि मागचा, दोन्ही असतो, क्रियापदावरून कळतं. पण ‘परवाची मीटिंग’ एवढंच लिहिलं तर? ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर घरातल्या घरातही मतभेद होतात. तारीख लिहा.

आणि हवामान, खेळ, राजकारण यांवरून घेतलेल्या उपमा टाळा. त्या तुम्हाला जिवंत वाटतात, समोरच्याला कोडं वाटतात. तारखा आणि मापं पुढच्या प्रश्नात आहेत.

१३. तारखा, आकडे आणि मापं तर सगळीकडे सारखीच ना?

नाहीत. ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, कुठे ४ मार्च. महिना अक्षरांत लिहिला की वाद मिटतो. संगणकासाठी वर्ष, महिना, दिवस हा आयएसओ ८६०१ चा क्रम वापरा. १.२३४ हे अनेक देशांत एकापेक्षा थोडं जास्त. जर्मनीत ते एक हजार दोनशे चौतीस. लाख आणि कोटी जगातल्या बहुतेक वाचकांना ठाऊक नाहीत. ‘बिलियन’चा अर्थही ब्रिटनमध्ये अधिकृतपणे १९७४ पर्यंत आजच्या हजारपट होता.

एकक कधीही गृहीत धरू नका. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झालं, कारण एका बाजूची आकडेवारी पाउंडाच्या एककात होती आणि दुसरी बाजू ती न्यूटनची समजून वापरत होती.

१४. सगळं समजावून झाल्यावर ‘समजलं का?’ विचारतो. सगळे ‘हो’ म्हणतात. तरी चुका होतात.

‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं फार कठीण असतं. वय, हुद्दा, परकी भाषा, चारचौघांतला संकोच हे सगळं आड येतं. काही संस्कृतींत ‘हो’ म्हणजे ‘ऐकतोय’, ‘मान्य आहे’ नव्हे. आपलं ‘बघू’ तरी वेगळं काय आहे? आपल्याला माहीत असतं की त्याचा अर्थ बहुधा ‘नाही’ असा आहे. परक्या माणसाला तो वायदा वाटतो.

आडून बोलण्याची किंमत कधी फार मोठी असते. २५ जानेवारी १९९० रोजी एव्हियांका या कोलंबियन कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं. १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. विमानातून ‘प्रायॉरिटी हवी आहे’, ‘इंधन संपत आलंय’ असं सांगितलं गेलं होतं. पण ज्या शब्दाने नियंत्रकांना सगळं बाजूला सारून वाट मोकळी करावी लागली असती, तो ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला गेला नाही. बोलणाऱ्याला वाटलं सांगून झालं, ऐकणाऱ्याला वाटलं अजून वेळ आहे.

आरोग्यसेवेत यावर एक चांगली पद्धत आहे: ऐकणाऱ्याकडून परत सांगून घेणं. प्रश्न असा विचारा: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला तपासायचं आहे. घरी गेल्यावर या गोळ्या कशा घ्याल, मला सांगाल?’ परीक्षा सांगणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नाही. शब्द बदलले तरी हा भाव बदलू देऊ नका, नाहीतर तीच पद्धत अपमानास्पद होते.

१५. थेट बोललं की उद्धट वाटतं. सोपेपणा आणि आदर एकत्र कसे ठेवायचे?

आदर संबोधनात आणि सुरात ठेवा, निर्णय स्पष्ट ठेवा. ‘तुमचा प्रस्ताव आम्ही काळजीपूर्वक वाचला. यावेळी तो स्वीकारता येणार नाही. कारण असं आहे…’ यात आदर आहे आणि संदिग्धता नाही. ‘प्रस्ताव विचाराधीन ठेवण्यात येत आहे’ यात आदर दिसतो, पण माणूस सहा महिने वाट पाहतो.

मराठीत एक खास अडचण ‘आपण’ची. ‘आपण हे काम शुक्रवारपर्यंत करूया’ यात मीही आहे. ‘आपण हे काम शुक्रवारपर्यंत करावे’ यात फक्त तुम्ही. पण ‘आपण ठरवल्याप्रमाणे’ यात कुणी ठरवलं? जिथे काम कुणाचं हे महत्त्वाचं आहे तिथे मी ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ वापरते. ‘तुम्ही’ पुरेसं आदराचं आहे.

१६. इंग्रजीत वाचनीयता मोजणारी सूत्रं आहेत. ती मराठीला लावता येतात का?

तशीच लावू नका. रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ चं प्रसिद्ध सूत्र इंग्रजी वाक्यांची लांबी आणि शब्दांतले उच्चारघटक मोजतं. मराठीत ‘घरासमोरच्यांनाही’ हा एकच शब्द प्रत्ययांनी लांब झाला आहे, पण कुणालाही कळतो. ‘विहित’ तीन अक्षरांचा आहे आणि अनेकांना कळत नाही. शिवाय इंग्रजीतही सूत्राला अर्थ कळत नाही: वाक्यातले शब्द उलटसुलट केले तरी गुण तेवढेच मिळतात.

१७. मग मजकूर सोपा झाला हे ओळखायचं कसं?

ज्यांच्यासाठी लिहिलं आहे अशा चार-पाच जणांना द्या. सहकाऱ्यांना नको, त्यांच्याही डोक्यात तीच चाल वाजत असते (प्रश्न ५). ‘आवडलं का?’ विचारू नका. काम द्या: ‘हे वाचून सांगा, पैसे परत मिळवायला तुम्ही आधी काय कराल?’ मग गप्प बसा. मदत करायची इच्छा होईल, ती आवरा. ते कुठे थांबतात, कुठली ओळ दोनदा वाचतात, कशाचा अर्थ चुकीच्या खात्रीने सांगतात, हे टिपा. दोघं एकाच जागी अडखळले तर तिसऱ्याची वाट न बघता ती जागा बदला, आणि बदललेला मजकूर नव्या वाचकांना दाखवा.

१८. मजकुराचं पुढे भाषांतर होणार आहे. काही वेगळं करावं लागतं का?

प्रश्न ८ आणि १२ मधलं सगळं इथे दुप्पट लागू होतं. त्याशिवाय सर्वनामं कमी करा. ‘झडप पंपाला जोडल्यावर ती तपासा’ मध्ये ‘ती’ म्हणजे झडप हे आपल्याला लिंगावरून कळतं. ज्या भाषेत निर्जीव वस्तूंना लिंग नाही तिथे ते हरवतं. नाम पुन्हा लिहा. यंत्राने भाषांतर करणार असाल तर ‘नाही’ असलेलं प्रत्येक वाक्य माणसाकडून तपासून घ्या. नकार हरवलेली सूचना वाचायला गुळगुळीत असते, म्हणून नजरेतून सुटते.

१९. सोपी भाषा कुठे वापरू नये, असं काही आहे का?

आहे. कविता, प्रार्थना आणि शोक यांची भाषा माहिती देण्यासाठी नसते. वाटाघाटींत कधी दोन्ही बाजू जाणूनबुजून सैल शब्द निवडतात, कारण आत्ताच अर्थ घट्ट केला तर बोलणंच तुटेल. तो निर्णय दोघांचा असेल तर मी त्यात ढवळाढवळ करत नाही. पण एकाच बाजूला माहीत असलेली संदिग्धता वेगळी. वाईट बातमी धूसर शब्दांत गुंडाळून ‘त्यांना धक्का नको म्हणून’ असं सांगितलं जातं, तेव्हा मी विचारते: संरक्षण नक्की कुणाचं होतंय?

२०. मी सोपं लिहितो, वरिष्ठ ते पुन्हा जड करून पाठवतात. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि शैलीवर वाद घालून तो सुटलेला मी पाहिलेला नाही. ‘मला हे बरं वाटतं’ विरुद्ध ‘मला ते बरं वाटतं’ यात हुद्दा जिंकतो. वाचकाला मध्ये आणा. दोन्ही मजकूर प्रश्न १७ प्रमाणे तीन-तीन जणांना द्या आणि ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत वरिष्ठांपुढे ठेवा. जमलं तर एका वाचकाशी बोलताना वरिष्ठांनाच शेजारी बसवा. मागच्या जड पत्रानंतर किती फोन आले आणि किती अर्ज चुकीचे भरले गेले, याची नोंद तुमच्याकडे असेलच. नसेल तर आजपासून ठेवा. आणि सगळं पत्र एकदम बदलायला जाऊ नका. ज्या एका परिच्छेदावरून सगळ्यात जास्त फोन येतात, तेवढा आधी मागून घ्या.